मोकळी फिरली म्हणून मोटर पास?

मोटर भरून होते. कारागीर ती टेबलावर ठेवतो, तीन वायरी जोडतो आणि स्टार्टर दाबतो. मोटर आवाज न करता फिरू लागते. क्लॅम्प मीटर लावला तर तिन्ही फेजचा करंट सारखा. अंगाला हात लावून पाहिला तर मोटर थंडगार. दुकानदार म्हणतो, "घेऊन जा, एकदम ओके आहे." गिऱ्हाईक पैसे मोजतो, मोटर रिक्षात घालतो आणि निघतो. भिवंडी असो, मालेगाव असो, इचलकरंजी असो की सोलापूर, हे दृश्य रोजचे आहे. मोटर नवी असली आणि विकणारा कारखानदार असला तरी पुष्कळदा यापेक्षा वेगळे काही घडत नाही.

आठ-दहा दिवसांनी तीच मोटर जळते. मग गिऱ्हाईक म्हणतो तुम्ही तार हलकी घातली, दुकानदार म्हणतो तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे, आणि वायरमन म्हणतो मागावर लोड जास्त आहे. तिघेही आपापल्या जागी खरे असू शकतात. पण कोण खरे हे ठरवायला कोणाकडेच आकडा नसतो. कारण मोटर ज्या कामासाठी घेतली ते काम तिच्याकडून दुकानात एकदाही करून घेतलेले नसते.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की मोटर आणि तिचा ड्राइव्ह लोडवर तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती देणे ही आता बंद झाली पाहिजे अशी सवय आहे. आणि लोडवरची तपासणी ही मोठ्या कंपन्यांची चैन राहिलेली नाही. ती आपल्या औद्योगिक वसाहतींत, आपल्या ऐपतीत होऊ शकते.

ड्रमने दिलेला धडा

माझ्या माहितीतील एका यंत्रमागधारकाने ताणा काढण्याच्या यंत्राला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवून घेतला. पॅनेल तयार करणाऱ्याने आपल्या कारखान्यात तो ड्राइव्ह एका मोकळ्या मोटरवर चालवून दाखवला. वेग वाढवला, कमी केला, उलटा फिरवला, बटण दाबून थांबवला. सर्व काही सुरळीत झाले. हा माणूस समाधानाने पॅनेल घेऊन घरी आला.

ताण्याचा ड्रम जड असतो. तो एकदा वेगात आला की सहजासहजी थांबत नाही. आणि ताणा काढताना धागा तुटला तर ड्रम ताबडतोब थांबावा लागतो, नाहीतर तुटलेले टोक पुढच्या वेढ्यांखाली गाडले जाते. पहिल्या दिवशी पहिला धागा तुटला, कामगाराने थांबण्याचे बटण दाबले आणि ड्राइव्ह ट्रिप झाला. पडद्यावर ओव्हरव्होल्टेज अशी अक्षरे आली. ड्राइव्हने मोटरवरचा ताबा सोडला, ड्रम आपल्या मर्जीने फिरत राहिला आणि धाग्याचे टोक शोधण्यात अर्धा तास गेला. दिवसभरात असे कितीतरी वेळा झाले.

कारण साधे होते. वेगात असलेला जड ड्रम थांबवताना मोटर जनित्र बनते आणि ड्रममध्ये साठलेली ऊर्जा ड्राइव्हकडे परत येते. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या पोटात साधारण ५८५ व्होल्ट डीसी असते. परत आलेल्या ऊर्जेला वाट मिळाली नाही की हा दाब चढत जातो आणि ८०० व्होल्टच्या आसपास ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. त्या ऊर्जेसाठी ब्रेकिंग रेझिस्टर लागतो. तो पॅनेलमध्ये नव्हता. मोकळ्या मोटरच्या रोटरमध्ये साठते ती ऊर्जा इतकी थोडी, की कारखान्यात ही उणीव दिसणे शक्यच नव्हते.

पॅनेल करणारा माणूस बेइमान नव्हता. त्याने तपासणी केली होती. पण तपासणीत ड्रम नव्हता.

मोकळी मोटर काय सांगते?

मोकळी मोटर काही गोष्टी जरूर सांगते. बेअरिंग खरखरते का, रोटर स्टेटरला घासतो का, फेरे उलट जोडले गेले का, तिन्ही फेज समतोल आहेत का, एवढे कळते. फेरे कमी पडले असतील तर मोकळा करंट नेहमीपेक्षा जास्त दिसतो, तेही अनुभवी कारागिराच्या लक्षात येते. परंतु तार एक गेज बारीक घातली तर मोकळ्या चाचणीत ते दिसत नाही. कारण मोकळ्या मोटरमध्ये करंट पूर्ण लोडच्या तिसऱ्या हिश्शापासून फार तर निम्म्यापर्यंत असतो, आणि तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट निम्मा तर उष्णता एक चतुर्थांश. तेवढी उष्णता बारीक तारसुद्धा सहन करते. पूर्ण लोड आला की तीच तार चौपट तापते.

आणि तापण्याला मोटरच्या आयुष्यात मोठा अर्थ आहे. इन्शुलेशनचे वर्ग ठरलेले आहेत. बी वर्ग १३० अंशांपर्यंत, एफ वर्ग १५५ अंशांपर्यंत, एच वर्ग १८० अंशांपर्यंत. ढोबळ नियम असा की मर्यादेच्या वर प्रत्येक दहा अंशांना इन्शुलेशनचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे वीस अंश जास्त तापणारी मोटर दहा वर्षांऐवजी अडीच वर्षे टिकेल. बाहेरून हात लावून हे वीस अंश कोणालाही कळत नाहीत.

येथे कोणी म्हणेल की मोठ्या कंपन्याही प्रत्येक मोटर लोडवर घेत नाहीत, मोकळीच चालवून पाठवतात. हे खरे आहे. पण त्यामागे एक व्यवस्था आहे. मानकांमध्ये दोन प्रकारच्या चाचण्या सांगितल्या आहेत. एक टाइप टेस्ट, जी एका डिझाइनच्या नमुन्यावर होते. तीत मोटरला पूर्ण लोडवर तापमान स्थिर होईपर्यंत चालवतात. दुसरी रुटीन टेस्ट, जी प्रत्येक नगावर होते आणि तीत मोकळी मोटर चालवणे पुरते. दुसरी पुरते, कारण पहिली झालेली असते. आपल्या रिवाइंडिंगच्या दुकानात पहिली कधीच झालेली नसते. मिळाली ती तार, आठवले ते फेरे, हाताशी असलेले वॉर्निश. म्हणजे भरलेली प्रत्येक मोटर एक नवे डिझाइनच असते. ज्याने टाइप टेस्ट केलेली नाही त्याने रुटीन टेस्टवर भरवसा ठेवणे म्हणजे पाया न भरता वरच्या मजल्याचा रंग तपासण्यासारखे आहे.

लोड एकसारखा नसतो

आता लोडवर तपासायचे म्हटले तर कोणत्या लोडवर? कारण पाच हॉर्सपॉवर हा आकडा एकच असला तरी पाच हॉर्सपॉवरची कामे वेगवेगळ्या स्वभावाची असतात.

विहिरीवरचा पंप आणि कारखान्यातला पंखा यांचा स्वभाव असा की वेग कमी केला की पीळ, म्हणजे टॉर्क, वेगाच्या वर्गाने कमी होतो आणि शक्ती घनाने. वेग ८० टक्के केला तर शक्ती ५१ टक्के लागते. पंपावर ड्राइव्ह लावून वीज वाचते ती यामुळेच.

कन्व्हेयरचा आणि पिस्टनवाल्या कॉम्प्रेसरचा स्वभाव वेगळा. वेग कितीही कमी करा, टॉर्क तेवढाच लागतो. येथे वीस हर्ट्झवर मोटर चालवली तर तिच्या शेपटीचा पंखाही मंदावतो, पण तारेतला करंट कमी होत नाही. मोटर स्वतःच्याच उष्णतेत भाजते. पंपावर वर्षानुवर्षे चाललेला ड्राइव्ह आणि मोटरचा जोड कन्व्हेयरवर महिन्यात जळतो तो यामुळे.

गोदामातल्या मालवाहू लिफ्टचा किंवा हॉइस्टचा लोड आणखी निराळा. माल वर जाताना तो मोटरकडून काम घेतो, खाली येताना मोटरला ढकलतो. ब्रेक सुटण्याच्या क्षणी ड्राइव्हने मोटरमध्ये पुरेसा टॉर्क तयार केलेला नसेल तर माल वीतभर खाली घसरतो. मोकळ्या हॉइस्टमध्ये हे दिसत नाही. खाली माणूस उभा असेल तेव्हा दिसते.

आणि आपला यंत्रमाग. त्याला लोड नव्हे, ठोका म्हणावे. साधा माग मिनिटाला शंभर-सव्वाशे पिक टाकतो. प्रत्येक पिकला धोटा फेकण्याचा एक झटका आणि फणी आदळण्याचा दुसरा. मोटरवरचा टॉर्क सेकंदाला दोन वेळा चढतो आणि उतरतो. अशा लोडला सरासरी करंट पाहणारा माणूस फसतो. समजा अर्धा वेळ १ अँपिअर आणि अर्धा वेळ ३ अँपिअर करंट वाहतो. सरासरी २ अँपिअर. स्थिर २ अँपिअरला उष्णता २ चा वर्ग म्हणजे ४ या मापाने होईल. पण येथे १ आणि ९ यांची सरासरी म्हणजे ५ होते. सरासरी तीच, तापणे सव्वापट.

आंतरराष्ट्रीय मानकांनी कामाचे हे प्रकार एस-१ ते एस-१० असे दहा वर्गांत मांडले आहेत. आपल्याकडे मोटरच्या पट्टीवर एस-१, म्हणजे अखंड स्थिर काम, छापलेले असते आणि आपण तीच मोटर झटक्याच्या कामाला जुंपतो.

जुन्या लोकांनी काय केले?

लोड मोजण्याचा प्रश्न नवा नाही. फ्रान्समधील अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांत आवळून आणि एका लांब दांड्याला वजन लावून यंत्राची ताकद मोजली. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड याने १८७७ मध्ये जहाजांच्या इंजिनांसाठी पाणी घुसळणारा ब्रेक तयार केला. आपल्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्यांनी दोरीचा ब्रेक पाहिलेला असतो. मोटरच्या ड्रमवर दोरी किंवा पट्टा, दोन्ही टोकांना स्प्रिंगचा काटा, आणि ड्रम थंड ठेवायला पाणी.

हिशेब सोपा आहे. किलोवॅटला ९५५० ने गुणा आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भागा, टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. ५ हॉर्सपॉवर म्हणजे ३.७ किलोवॅट, फेरे १४४०, टॉर्क साडेचोवीस न्यूटन-मीटर. ड्रमची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर दोन काट्यांत २५ किलोचा फरक दिसला पाहिजे. इतके साधन तर कोणत्याही रिवाइंडिंगच्या दुकानात तयार होऊ शकते, आणि नसण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे.

पण दोरीला मर्यादा आहेत. ३.७ किलोवॅटची सगळी उष्णता त्या ड्रममध्ये उतरते, म्हणजे जवळजवळ दोन गिझर चालू ठेवल्यासारखे. दोरी जळते, घर्षण बदलते, काटा नाचतो. तापमान स्थिर होण्यासाठी मोटर तीन-चार तास चालवायची म्हटले तर माणूस पाणी ओतून थकतो. आणि मुख्य म्हणजे दोरीला एकच स्वभाव येतो, घासण्याचा. ती पंपासारखी वागू शकत नाही, मागासारखा ठोका देऊ शकत नाही आणि खाली येणाऱ्या मालासारखी मोटरला ढकलू तर मुळीच शकत नाही.

खोटा लोड, खरी परीक्षा

यावर जो उपाय निघाला तो कारागिराला चटकन पटणारा आहे. ज्या मोटरची परीक्षा घ्यायची तिच्या दांड्याला दुसरी मोटर जोडायची. या दुसऱ्या मोटरला स्वतःचा ड्राइव्ह असतो आणि तो वेग नव्हे तर टॉर्क सांभाळतो. पहिली मोटर फिरवते, दुसरी अडवते. किती अडवायचे हे संगणक किंवा नियंत्रक क्षणोक्षणी सांगतो. पंपाचे सूत्र दिले तर दुसरी मोटर पंपासारखी अडवते. कन्व्हेयरचे दिले तर कन्व्हेयरसारखी. मागाच्या टॉर्कचा आलेख दिला तर सेकंदाला दोन ठोके देते; चांगल्या व्हेक्टर ड्राइव्हला टॉर्क बदलायला काही मिलिसेकंद पुरतात, त्यामुळे हे त्याच्या दृष्टीने सावकाश काम आहे. हॉइस्टचे दिले तर अडवण्याऐवजी ढकलते. कारखान्यात ना पंप, ना माग, ना लिफ्ट. पण पहिल्या मोटरला आणि तिच्या ड्राइव्हला वाटते की आपण त्याच कामाला जुंपलो आहोत.

जड ड्रमचे सोंग आणणे मात्र अवघड असते. ड्रम स्वतः अडवत नाही, तो वेग बदलायला विरोध करतो. सरळ विचार केला तर वेग मोजावा, तो किती झपाट्याने बदलतो ते काढावे, ड्रमच्या जडत्वाने गुणावे आणि तेवढा टॉर्क दुसऱ्या मोटरला द्यावा. पण मोजलेल्या वेगात थोडी थरथर असते, आणि बदलाचा दर काढताना ती थरथर कितीतरी वाढते. शिवाय हिशेब होईपर्यंत क्षण निघून गेलेला असतो. यंत्र डळमळू लागते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या अकपोलात, ॲशर आणि क्लेअर या संशोधकांनी १९९९ मध्ये यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी हिशेब उलटा मांडला. मोटरच्या टॉर्कवरून खरा ड्रम आत्ता कोणत्या वेगाने फिरत असता ते नियंत्रकाने काढायचे आणि दुसऱ्या मोटरने दांड्याला त्याच वेगाने चालवायचे, तेही नियंत्रकाचा स्वतःचा विलंब त्यात मिसळणार नाही अशी भरपाई करून. दुसऱ्या मोटरच्या रोटरलाही स्वतःचे जडत्व असते, तेही हिशेबात धरावे लागते.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय. तेथे गाडी रस्त्यावर न नेता रोलरवर चालवतात. रोलरला जोडलेले यंत्र चाकांचे घर्षण, वाऱ्याचा विरोध आणि गाडीचे वजन यांचे सोंग घेते. पूर्वी वजनासाठी लोखंडी चक्रे जोडत, आता पुष्कळसे काम वीज करते. विजेवरच्या स्कूटरच्या जाहिरातीत 'आयडीसी रेंज' असा शब्द असतो. ती रेंज इंडियन ड्रायव्हिंग सायकल या १०८ सेकंदांच्या ठरावीक चक्राने मोजलेली असते. म्हणजे लाखो लोक ज्या आकड्यावर विश्वासून गाडी घेतात तो आकडा सोंग घेतलेल्या लोडवरच मोजलेला असतो. स्कूटरला जे मिळते ते आपल्या मागाच्या मोटरला का मिळू नये?

विजेचा खर्च परवडेल का?

येथे पहिला आक्षेप येतो. चार तास पूर्ण लोडवर मोटर चालवायची तर विजेचे बिल कोण भरणार?

याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातच जॉन हॉपकिन्सन याने देऊन ठेवले आहे. दोन डीसी यंत्रे एकमेकांना जोडा, एक मोटर आणि दुसरे जनित्र. जनित्राने तयार केलेली वीज परत मोटरलाच द्या. बाहेरून फक्त वाया जाणारी वीज घ्यावी लागते. आज हेच काम दोन ड्राइव्हचे डीसी बस एकत्र जोडून साध्या इंडक्शन मोटरवर होते.

आकडे मांडून पाहू. १० हॉर्सपॉवर म्हणजे ७.५ किलोवॅटची मोटर घ्या. दोन्ही मोटरींची कार्यक्षमता ८८ टक्के आणि दोन्ही ड्राइव्हची ९७ टक्के धरा. पहिल्या मोटरने दांड्यावर ७.५ किलोवॅट देण्यासाठी तिच्या ड्राइव्हला सुमारे ८.८ किलोवॅट लागतात. दुसरी मोटर त्यातून सुमारे ६.४ किलोवॅट डीसी बसवर परत आणून टाकते. मीटरवरून लागतात केवळ २.४ किलोवॅट. चार तासांच्या चाचणीला ३५ युनिटऐवजी दहाच्या आसपास युनिट. एवढ्याशा विजेपेक्षा जळालेल्या एका मोटरची तार महाग पडते.

एक इशारा येथेच देतो. जवळपास सहाशे व्होल्ट डीसी हा खेळ नव्हे. बस जोडण्याचे काम ड्राइव्ह बनवणाऱ्याच्या सूचना वाचून, योग्य फ्यूज घालून, जाणकारानेच करावे. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर काही मिनिटे भरलेले राहतात. आणि कपलिंगवर लोखंडी जाळी असलीच पाहिजे.

दुसरा आक्षेप अनुभवी मिस्त्रींचा. ते म्हणतात, "आमचा हात तीस वर्षांचा आहे, आम्हाला आवाजावरून कळते." त्यांच्या हाताचा मी आदर करतो. पण हात बाहेरचे तापमान सांगतो, तारेचे नाही. तारेचे तापमान तार स्वतःच सांगते. चाचणीपूर्वी ३० अंशांना वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजा. चाचणीनंतर मोटर थांबताच पुन्हा मोजा. तो १.३ पट झाला असेल तर तांब्याच्या नियमाने तार सुमारे ११० अंशांवर गेली आहे, म्हणजे ८० अंशांची वाढ. बी वर्गाच्या मोटरला एवढीच वाढ मान्य आहे. याहून जास्त आले तर तार बारीक आहे किंवा काही चुकले आहे. हा हिशेब शिकायला एक दुपार पुरते, आणि तीस वर्षांच्या हाताला त्याची जोड मिळाली तर त्या हाताची किंमतच वाढेल.

तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. सोंग ते सोंगच. चाचणीच्या बाकावर कापसाचा तूस उडत नाही, मोटरच्या जाळीत अडकत नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली ४५ अंश होत नाहीत. पट्टा जास्त आवळून बेअरिंगवर ताण पडत नाही. धोटा अडकून माग एकाएकी दगडासारखा थांबत नाही. असा धक्का दुसऱ्या मोटरला हुबेहूब देता येत नाही, कारण तिच्या टॉर्कलाही मर्यादा आहे. संध्याकाळी व्होल्टेज पडते तेही नाही. आणि व्होल्टेज दहा टक्के पडले तर इंडक्शन मोटरची टॉर्क देण्याची ताकद जवळजवळ एकोणीस टक्के घटते. हे सर्व खरे आहे. म्हणून बाकावरची चाचणी हा जागेवरच्या चाचणीला पर्याय नाही. परंतु जागेवर जे घडेल त्यातले पुष्कळ काही बाकावर आधी कळत असेल, तर ते गिऱ्हाइकाच्या खर्चाने शिकण्यात कोणती हुशारी आहे?

एकट्याने नाही, मिळून

प्रत्येक रिवाइंडिंगवाल्याने किंवा पॅनेलवाल्याने असा बाक उभारावा असे मी म्हणत नाही. पण एका वसाहतीत मिळून एक बाक उभा राहू शकतो. त्याला लागणाऱ्या वस्तू मोजक्या आहेत. एक चांगली मोटर, दोन व्हेक्टर ड्राइव्ह, वेग मोजणारा एन्कोडर, मजबूत लोखंडी पाया, वेगवेगळ्या दांड्यांसाठी कपलिंग आणि टॉर्क मोजण्याची सोय. दांड्यावर बसणारा टॉर्कमापक महाग असतो. पण लोड देणारी मोटर बेअरिंगवर झुलती ठेवून तिच्या अंगाला दांडा आणि त्याखाली वजनकाट्याचा लोड सेल लावला तर तेच काम स्वस्तात होते. प्रोनीचा दांडा दोनशे वर्षांनीही उपयोगी पडतो तो असा.

केंद्र शासनाच्या सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्राची तरतूद आहे. वस्त्रोद्योग आयुक्तांच्या अखत्यारीत पॉवरलूम सर्व्हिस सेंटरे आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत आयटीआय, पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि तेथील प्रयोगशाळांत जुन्या डीसी यंत्रांचे जोड धूळ खात पडलेले असतात. विद्यार्थी त्यांच्यावर हॉपकिन्सनचा प्रयोग एकदा करतात, वहीत उतरवतात आणि विसरतात. त्याच यंत्रांवर आठवड्यातून दोन दिवस गावातल्या मोटरी तपासल्या तर महाविद्यालयाला फी मिळेल, विद्यार्थ्याला खरे काम मिळेल आणि रिवाइंडिंगवाल्याला आकडा मिळेल. यासाठी व्यापारी आणि कारागिरांच्या संघटनांनी प्राचार्यांच्या दारात जाऊन बसले पाहिजे. सरकारी योजना आपोआप घरी चालत येत नाहीत. मोठ्या चाचणीसाठी बंगळुरूची सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूट आणि वडोदऱ्याची एर्डा आहेतच, पण पाच हॉर्सपॉवरची भरलेली मोटर घेऊन कोणी तेथे जाणार नाही.

गिऱ्हाइकांनीही आपली सवय बदलली पाहिजे. मोटर किंवा ड्राइव्ह घेताना चार प्रश्न विचारावेत. पूर्ण लोडवर किती वेळ चालवली? तेव्हा करंट किती आणि तापमानाची वाढ किती? माझ्या कामाच्या स्वभावाचा लोड देऊन पाहिला का? आणि थांबवताना, उलट फिरवताना काय झाले? उत्तर तोंडी न घेता कागदावर, सहीसह घ्यावे. काही प्रमाणपत्रांवर सगळे आकडे आधीच छापलेले असतात आणि फक्त मोटरचा नंबर पेनाने लिहिलेला असतो, असे मी पाहिले आहे. तो चाचणीचा कागद नव्हे, मालाची जाहिरात आहे. आणि ज्याने खरेच मोजून दिले त्याला चार पैसे जास्त देण्याची तयारी ठेवावी. स्वस्त मोटर आणि लोडवर तपासलेली मोटर या दोन्ही एकाच भावात मागणे हाही एक प्रकारचा अन्यायच आहे.

शेवटी प्रश्न कोणाच्या खिशाचा आहे ते पाहावे. मोटर जळाली की दुकानदार ती पुन्हा भरतो, त्याला पुन्हा मजुरी मिळते. मालकाचा एक माग बंद राहतो, त्याचे बाकीचे चालू असतात. पण त्या मागावर काम करणाऱ्या विणकराला मीटरवर किंवा पिकवर मजुरी मिळते. माग बंद म्हणजे त्या मागाची मजुरी बंद. शेतकऱ्याची मोटर ऐन गव्हाच्या पाण्यावर जळाली तर पीक मोटर भरून येण्याची वाट पाहत नाही. ज्याने ना मोटर भरली ना विकली, तोच सर्वांत जास्त भरतो.

वजनकाटा खोटा असेल तर आपण त्या दुकानदाराला बोल लावतो, कारण त्यात गरिबाचे नुकसान होते हे आपल्याला कळते. न मोजता 'ओके आहे' म्हणून दिलेली मोटर हाही खोटा काटाच आहे, मग देणाऱ्याच्या मनात खोट असो वा नसो. पुढच्या वेळी मोटर आणायला जाल तेव्हा दुकानदाराला एवढेच म्हणा, "फिरते ते पाहिले, आता ओढते का ते दाखवा."